एक नाव, अनेक खेकडे: खोल समुद्रातल्या एका गोंधळाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात खेकडा म्हटलं की काळा, ओढ्याचा, पाठीवर चिखल घेऊन आलेला. पावसाची पहिली झोड पडली की गगनबावडा-राधानगरीकडची माणसं बुट्ट्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. घरी आणून बारीक पाय वाटायचे, गाळायचे आणि ते पाणी रश्शात सोडायचं. खेकडा साफ करताना मादी उलटी करून पोटाचं रुंद झाकण उचललं, तर कधीकधी आत तुरीच्या डाळीएवढी पिल्लं वळवळताना दिसतात. अंडी नव्हेत, पायबिय फुटलेले पुरे खेकडेच. लहानपणी हे पाहिलं की आजी तो खेकडा परत पाण्यात सोडायला लावायची.

खोल समुद्रातल्या खेकड्यांविषयी लिहायचं आणि सुरुवात ओढ्यापासून, याला कारण ही पिल्लंच आहेत. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं पिल्लू आईच्या पोटाखालीच घडतं आणि उतरतं तेही त्याच ओढ्यात. वाहत दूर जायची सोय नाही. त्यामुळे घाट बदलला की खेकडा बदलतो. एखादी जात दोन-चार डोंगरांपलीकडे मिळतच नाही. सगळ्यांचंच असं नाही म्हणा. कर्नल साइक्स यांच्या दख्खनमधल्या संग्रहावरून १८३६ मध्ये ज्याचं वर्णन झालं, तो आपला बिळातला मोठा खेकडा, बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस, चांगला लांबवर पसरलेला आहे.

समुद्रात हिशेब उलटा. तिथे अंड्यातून निघणारी अळी खेकड्यासारखी दिसतही नाही. ती काही आठवडे पाण्यावर तरंगत प्रवाहाबरोबर जाते. मग जुन्या निसर्ग-अभ्यासकांनी साधा तर्क केला: अळी वाहते, समुद्र सगळा जोडलेला, तळाशी सगळीकडे थंडी आणि अंधार, म्हणजे खोल पाण्यातला खेकडा सगळीकडे एकच असणार. या तर्कानं पुढे शंभर वर्षं घोळ घातला.

पण पहिला घोळ या तर्काच्या उलट वळणाचा, एकाच खेकड्याला दोन समजण्याचा. तो अरबी समुद्रातल्या पोहणाऱ्या खेकड्याचा. अँड्र्यू स्मिथ नावाच्या लष्करी डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या नमुन्यांवरून मॅक्ले यांनी १८३८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि स्मिथ यांच्यावरून नाव ठेवलं, कॅरिब्डिस स्मिथी. मागच्या पायांची शेवटची पेरं वल्ह्यासारखी चपटी, म्हणून पोहण्यात पटाईत. पुढे १९४९ मध्ये लेने आणि बाउटेनडाइक या दोन डच संशोधिकांनी हिंदी महासागरातल्या अशाच खेकड्याला कॅरिब्डिस एडवर्डसी असं नवं नाव दिलं. १९६० च्या दशकात भर समुद्रातून त्याच्या थव्यांच्या बातम्या येऊ लागल्या. खाली तळाचा पत्ता नाही आणि वरच्या पाण्यात खेकडेच खेकडे! हे थवे नोंदले गेले एडवर्डसी या नावानं. त्याच काळात किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे उतरणाऱ्या तळाच्या उतारावर, ट्रॉलमध्ये (बोटीमागे ओढायच्या जाळ्यात) सापडणारा खेकडाही होताच. एक पाण्यात तरंगणारा, एक तळाशी बसणारा, म्हणजे प्राणी दोन, असं वाटणं साहजिक होतं.

नमुने शेजारी ठेवून तपासल्यावर दोन्ही एकच निघाले. जुनं नाव टिकलं, एडवर्डसी गेलं. एकाच खेकड्याच्या आयुष्यात पोहण्याचा काळ आणि तळाचा काळ, असे दोन्ही असतात. पोहण्याच्या काळात तो दिवसा खाली राहतो आणि रात्री वर येतो. पश्चिम हिंदी महासागरात त्याचे मोठे थवे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत दिसतात, म्हणजे इकडे बावड्याच्या ओढ्यातले खेकडे बिळाबाहेर पडतात साधारण तेव्हाच. पिवळ्या पराचा कुपा, म्हणजे ट्यूना, त्याच्यावर ताव मारतो. कुप्याचं पोट फाडल्यावरच या खेकड्याची बरीच माहिती हाती आली. दोनशे मीटरच्या आसपास ते हजार मीटरपर्यंत अरबी समुद्राच्या पाण्यात प्राणवायू अगदी तुटपुंजा असतो. त्या थराच्या काठावर जगण्याची या खेकड्याची तयारी मला त्याच्या थव्यांपेक्षाही जास्त थक्क करते.

दुसरा घोळ नेमका याच्या उलट आहे आणि अधिक गंमतीचा.

मुंबईच्या गोदीत बांधलेलं ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे लाकडी वाफेचं जहाज १८८१ मध्ये पाण्यात उतरलं. काम सागरी मोजणीचं. खडक कुठे, उथळ कुठे, याचे नकाशे करायचे. पण जहाजावर डॉक्टर म्हणून जो असे, त्याच्याकडेच निसर्ग-अभ्यासकाचंही खातं असे. १८८८ ते १८९२ या काळात ते आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होतं. शेकडो वाव दोर सोडायचा, जाळं तळावरून ओढायचं, तासन्‌तास वर गुंडाळायचं आणि बहुतेक वेळा चिखलच पाहायचा. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, सुमारे सहा फूट. कोकणातले तांडेल खोली यातच सांगतात.) त्या चिखलातून अल्कॉक यांनी भारतीय समुद्रातल्या खोल पाण्याच्या खेकड्यांची पहिली मोठी यादी उभी केली. १८९९ मध्ये ती छापून आली. पुढे ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख होते आणि गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवरही त्यांनी जाड ग्रंथ लिहिला.

हिंदी महासागरात खोलवर मिळणाऱ्या मोठ्या, लांब पायांच्या खेकड्यांना त्या काळी गेरिऑन ॲफिनिस म्हणत. हे नाव १८९४ मधलं, अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडच्या खेकड्याचं. कुठे अझोर्स आणि कुठे हिंदी महासागर! पण वर सांगितलेला तर्क पाठीशी होता, आणि तुलनेला हातात काय, तर स्पिरिटमध्ये बुडवलेले नमुने. आम्ही कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल करायचो तेव्हा बरणीतला प्रत्येक खेकडा एकाच मळकट पिवळ्या रंगाचा असायचा. लेबल गळून पडलं की सरांनाही तो ओळखता येत नसे. संग्रहालयांतही रंग उडण्याची रडकथा हीच. जिवंतपणी तांबडा आणि जिवंतपणी बदामी, दोन्ही बरणीत सारखेच.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गेरिऑन क्विंकेडेन्सचं तर त्याहून वाईट झालं. १८७९ मध्ये ठेवलेलं ते नाव हळूहळू पार दक्षिण अमेरिकेपर्यंत आणि पलीकडे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ताणलं गेलं. १९७० च्या दशकात जपानी बोटी नामिबियासमोर सापळे लावून हा खेकडा पकडायला लागल्या, त्यावर साठ्याचे अहवालही लिहिले गेले, सगळे क्विंकेडेन्स याच नावानं. अमेरिकेतले रेमंड मॅनिंग आणि नेदरलँड्समधल्या लायडेनचे लिप्के होल्थुइस या खेकड्यांच्या अभ्यासकांनी नमुने बारकाईनं पाहिले, आणि १९८१ मध्ये आफ्रिकेचा खेकडा वेगळा ठरून त्याला मॅरिटी हे नाव मिळालं. म्हणजे आधी बाजारात गेला, मग बारसं झालं.

त्या जोडगोळीनं मग थांबायचं नावच घेतलं नाही. १९८४ मध्ये सोनेरी रंगाचा फेनेरी वेगळा काढला. १९८९ मध्ये तर वंशच, म्हणजे जवळच्या जातींचा अख्खा गटच, फोडला. पाठीच्या पुढच्या कडेला प्रत्येक बाजूला तीन दात असतील तर गेरिऑन, पाच असतील तर नवा वंश, चेसिऑन. फेनर चेस या अमेरिकी अभ्यासकाच्या आडनावावरून हा वंश, त्यामुळे तो सोनेरी खेकडा आता चेसिऑन फेनेरी झाला. एकाच माणसाचं आडनाव पुढे आणि नाव मागे! जातीजातींत फरक करायला त्यांनी आणखी एक खूण धरली: चालण्याच्या पायाचं टोक बाजूंनी चपटं आहे की वरून-खालून दाबलेलं. हे पाहायला खेकडा हातात घ्यावा लागतो, फोटोवरून भागत नाही. १९९३ मध्ये घोष आणि मॅनिंग यांनी भारताच्या समुद्रातल्या खेकड्याला स्वतंत्र नाव दिलं, चेसिऑन अल्कॉकी.

मग अळी वाहते तरी जाती इतक्या का फुटल्या? मला पटणारं उत्तर सह्याद्रीतलंच आहे. हा खेकडा कॅरिब्डिससारखा भर समुद्रात पोहत नाही, उतारावर चालतो. त्याला ठरावीक खोलीचा पट्टा लागतो. मधलं चार-चार हजार मीटर खोल मैदान त्याच्यासाठी आपल्या दोन घाटांमधल्या खोऱ्यासारखंच आहे. शिवाय एकाच उतारावर नर-मादीचीही वाटणी असते. क्विंकेडेन्स आणि मॅरिटी या दोघांतही माद्या वरच्या भागात जास्त मिळतात, नर अधिक खोलात. एकाच खोलीवर जाळं ओढून कुणी ‘इथले खेकडे मोठे’ असं लिहिलं, तर त्यानं फक्त नर मोजलेले असू शकतात. जुन्या नोंदींतला काही फरक असाही असणार.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी क्विंकेडेन्सचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला डीएनए) तपासला, तेव्हा न्यू इंग्लंडसमोरचे आणि मेक्सिकोच्या आखातातले खेकडे जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. बाहेरून दोन्ही सारखेच. मॅनिंग-होल्थुइस यांच्या दातांच्या आणि पायाच्या टोकांच्या खुणा तिथे उपयोगी पडत नाहीत.

आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या ‘सागर संपदा’ या संशोधन जहाजाच्या ट्रॉलमध्ये कॅरिब्डिस स्मिथी मुबलक सापडला. केरळात कोल्लमसमोरच्या खोल पाण्यातल्या कोळंबीबरोबर तो आजही जाळ्यात येतो. मांस थोडं, म्हणून भाव नाही. आमच्या मासळीवाल्या मावशींना मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला, तर त्यांनी बोटानं मोठा करून पाहिला, वल्ह्यासारखे मागचे पाय पाहून ‘कुर्लीच की ही, जरा बारकी’ म्हणाल्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा बांगडा कापायला लागल्या.