‘पाउंड’: उखळातला शब्द

‘पाउंड’ म्हणजे जोरजोरात कुटणे, बदडणे. या क्रियापदाचा वजनाच्या पौंडाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजीत या एकाच रूपात तीन वेगळ्या कुळांचे शब्द येऊन मिसळले आहेत. वजनाचा पौंड लॅटिन ‘पोंदो’वरून आला. एक पौंड चांदीतून 240 पेनी पाडत, म्हणून तोच शब्द चलनालाही चिकटला. दुसरा ‘पाउंड’ म्हणजे कोंडवाडा. आपल्याकडच्या 1871 च्या कॅटल ट्रेसपास कायद्यात आहे तो हाच, आणि पोलीस गाडी ‘इम्पाउंड’ करतात तेही याच कुळातले.

कुटण्याचा ‘पाउंड’ जुन्या इंग्रजीतल्या ‘पूनियन’चा वंशज. डचमध्ये दगडविटांच्या राडारोड्याला ‘पाउन’ म्हणतात, तो याचा भाऊबंद. मूळ शब्दात शेवटचा ‘ड’ नव्हताच. तो सोळाव्या शतकाच्या सुमारास आला. ‘न’ म्हणताना जीभ वर टेकलेली असते; ती सुटण्याआधीच नाकातली वाट बंद झाली की ‘ड’ आपसूक उमटतो. आवाज या अर्थाच्या ‘साउंड’च्या शेवटीही तो असाच चिकटला आहे.

जुन्या औषधी ग्रंथांत हे क्रियापद पाला आणि मुळ्या कुटण्यासाठी येते. म्हणजे मूळ चित्र खलबत्त्याचे: जड वस्तू, वरून खाली, पुन्हा पुन्हा. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की वाक्ये चुकत नाहीत. ‘जोरात मारणे’ हा शब्दकोशातला अर्थ अपुरा आहे, कारण एकाच फटक्याला ‘पाउंड’ म्हणत नाहीत; तिथे ‘हिट’ किंवा ‘थम्प’ हवे.

स्वयंपाकात हे क्रियापद थेट कर्म घेते आणि काय तयार झाले ते ‘टु’ किंवा ‘इंटू’ने सांगते: ‘पाउंड द गार्लिक टु अ पेस्ट’. ‘ग्राइंड’ म्हणजे दळणे किंवा वाटणे, त्यात घासणे आहे. ‘पाउंड’ म्हणजे कुटणे, कांडणे. म्हणूनच हातसडीच्या तांदळाला इंग्रजीत ‘हँड-पाउंडेड राइस’ म्हणतात, आणि तिथे ‘ग्राउंड’ लिहिले की वाचणारा तांदळाची पिठी समजतो.

दाराच्या बाबतीत ‘ऑन’ किंवा ‘ॲट’ लागते: ‘ही पाउंडेड ऑन द डोअर’. आपणही ‘दारावर’ धडाधड थापा मारतो, त्यामुळे हे लक्षात ठेवणे सोपे जाते.

सर्वांत जास्त घोटाळा काळजाच्या वाक्यात होतो. ‘माय हार्ट वॉज पाउंडिंग’ म्हणजे छाती धडधडत होती. इथे क्रियापद अकर्मक आहे. ‘वॉज पाउंडेड’ लिहिले तर काळीज कोणीतरी खलात घालून कुटले असा अर्थ होतो. ‘पाउंडिंग हेडेक’ही असाच: साधी डोकेदुखी नव्हे, ठोक्याठोक्याला ठणकणारे डोके.

चालण्याबद्दल बोलताना बहुधा दिशा सांगावी लागते. ‘ही पाउंडेड अप द स्टेअर्स’, तो धाडधाड पायऱ्या चढत गेला. यातला ‘अप’ काढला तर तो पायऱ्यांनाच बडवत बसला असे होईल.

युद्धाच्या बातम्यांत तोफा शहराला ‘पाउंड’ करतात, तेव्हा एखादा गोळा पडून भागत नाही, तासन्‌तास मारा व्हावा लागतो. मराठीत तिथे ‘भडिमार’ अचूक बसतो. ‘हल्ला’ लिहिले की त्यातले सातत्य हरवते.