गंजाचा गोल काठ

नागपूरकडे ज्याला गंज म्हणतात, त्या पितळी पातेल्याचे चित्र काढायला बसले की पहिली चूक काठाशीच होते. काठ गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात तो गोलच काढू पाहतो. तळ सपाट आहे हेही ठाऊक असते, म्हणून खाली सरळ रेघ ओढली जाते.

डोळ्यांसमोर मात्र वेगळेच असते. काठाच्या पातळीपासून 30 अंश वरून पाहिल्यास त्याचे लंबवर्तुळ होते आणि त्याची उंची रुंदीच्या जवळपास निम्मी भरते, कारण 30 अंशांचे साइन 0.5 असते. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मापले की याची खात्री पटते. तळाकडे आपण आणखी उभ्या कोनातून पाहत असल्यामुळे त्याची कड काठाहूनही अधिक वाकलेली काढावी लागते. सरळ रेघ तिथे कुठेच नसते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी 1931 मध्ये दाखवून दिले, की तिरक्या ठेवलेल्या चकतीचा आकार विचारला असता माणसे डोळ्यांत उमटणाऱ्या लंबवर्तुळापेक्षा अधिक गोल आकार सांगतात. मेंदूची ही दुरुस्ती सोयीचीच आहे, नाहीतर स्वयंपाकघरात दोन पावले सरकताच प्रत्येक ताटाचा आकार बदलल्यासारखा वाटला असता. परंतु या सोयीपायी रोजचे भांडे ओळखण्यापुरतेच पाहिले जाते, आणि चित्र काढताना तीच दुरुस्ती जाणीवपूर्वक बाजूला ठेवावी लागते.

मोशे बार आणि माइटल नेटा यांच्या 2006 मधील प्रयोगांत लोकांनी टोकदार वस्तूंपेक्षा वळणदार वस्तू अधिक पसंत केल्या. गंजाला हे लागू पडते. तरी चित्रातले सौंदर्य सगळे वळणांतूनच येते असे मला वाटत नाही, कारण विळीचे धारदार पातेही कागदावर तितकेच देखणे उतरते.

मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पडायची सोय नसताना, मी असाच एक जुना गंज काढत होतो. आतली कल्हई काठाजवळ उडून पिवळे पितळ उघडे पडले होते आणि कुशीला एक पोचा होता. त्या पोच्यात खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब आत वळून जवळजवळ एका बिंदूत जमले होते, आणि तेवढ्या बोटभर जागेसाठी मला तीनदा खोडरबर घ्यावे लागले.