कोयीतला भुंगा आणि हापूसची अमेरिकेची वाट

हापूसच्या पेट्या अमेरिकेला निघाल्या की दर मोसमात एक प्रश्न हमखास येतो: आंब्यावर किरणांचा मारा कशासाठी? तो जास्त टिकावा म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण कोयीत दडलेलं आहे.

आंब्याच्या कोयीत वाढणारा भुंगा जेमतेम आठ मिलिमीटरचा, करडा-तपकिरी, आखूड सोंडेचा. आंबा सोडून दुसऱ्या कुठल्या झाडाच्या बीवर तो सहसा वाढत नाही. कैरी कोवळी असताना मादी सालीवर होडीच्या आकाराची खाच पाडते, तिच्यात एक अंडं घालते आणि शेजारी चंद्रकोरीसारखा छेद देते. त्यातून चीक वाहतो, अंड्यावर पसरून वाळतो. वरून दिसतो तो फक्त तपकिरी ठिपका. आठवडाभरात अळी बाहेर पडते आणि गरातून थेट कोय गाठते, कारण तेव्हा कोय अजून मऊ असते. पुढे कोय टणक होते, गरातली वाट भरून येते आणि पिकलेल्या फळावर ओळखण्याजोगी खूण राहत नाही. अळी आतला मगज खाते, तिथेच कोषात जाते, आणि फळ संपल्यावर कोय पोखरून भुंगा बाहेर येतो. पुढच्या मोहोरापर्यंत तो खोडाच्या सालीच्या भेगांत पडून राहतो. वर्षाला एकच पिढी.

खाणाऱ्याचं यात बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. हापूस कापल्यावर गरात पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघाला की लोक किडीला दोष देतात, पण तो साका. ती फळातली अंतर्गत विकृती आहे, तिथे कीड नसते. भुंग्याचा खरा फटका बसतो रोपवाटिकेला. कोकणात कोय कलमं बांधायची तर आधी कोयी रुजायला हव्यात, आणि मगज खाल्लेली कोय रुजलीच तर रोप अशक्त येतं. रसाच्या कारखान्यांतून किंवा रायवळ झाडांखालून गोळा केलेल्या कोयींच्या ढिगात अशा कोयी येतातच, आणि त्यांच्याबरोबर भुंगाही गावोगाव जातो.

त्याचा प्रसार मुख्यतः असाच झाला आहे. स्वतः उडून तो फार लांब जात नाही, माणसाने नेलेल्या फळातून आणि कोयीतून जातो. १९०५ साली तो हवाई बेटांवर सापडला आणि पुढे या भुंग्यापायीच हवाईच्या आंब्याला अमेरिकेच्या मुख्य भूमीचे दरवाजे बंद राहिले. स्वतःच्याच बेटांवरचा आंबा जो देश आत घेत नव्हता, तो भारताचा सहज घेईल ही अपेक्षाच चुकीची होती. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कीड आहे की नाही, हे फळ न कापता तपासनिसाला कळणार कसं?

जपानचा प्रश्न वेगळा होता. तिथली अडचण फळमाशीची, आणि फळमाशी गरात असते. गरम वाफेची प्रक्रिया तिला पुरते, म्हणून २००६ मध्ये जपानने भारतीय आंब्यावरची बंदी उठवली. कोयीच्या आतल्या भुंग्यापर्यंत तेवढी उष्णता पोचवायची तर आंबाच शिजेल. उरला मार्ग गॅमा किरणांचा.

२००६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्याने बहुतेक किडींसाठी किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) ही सरसकट मात्रा मान्य केली. त्याच मार्चमध्ये जॉर्ज बुश दिल्लीत आले, अणुकराराच्या चर्चेबरोबर आंब्याचाही विषय निघाला, आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. प्रक्रिया झाली लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' केंद्रात. ते उभारलं होतं मुख्यतः कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. म्हणजे कोकणातला हापूस घाट चढून नाशिक जिल्ह्यात जायचा आणि विमानासाठी पुन्हा मुंबईला उतरायचा. पुढे वाशीला पणन मंडळाचं केंद्र झालं आणि हा फेरा वाचला.

या मात्रेने भुंगा जागच्या जागी मरतोच असं नाही. त्याची वाढ खुंटावी, पुढची पिढी होऊ नये, एवढाच तिचा हेतू. तिकडे आंबा कापणाऱ्याला कोयीत जिवंत भुंगा दिसला तरी नियम मोडला असं होत नाही. प्रक्रियेवर देखरेखीला अमेरिकेचा निरीक्षक हजर असावा लागे. करोनाकाळात तो येऊ शकला नाही आणि निर्यात थांबली. २०२२ मध्ये देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे सोपवायचं ठरल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

बागायतदाराची झोप उडवणारी कीड मात्र दुसरीच आहे: भिरूड. हा लांब मिशांचा, पाच सेंटिमीटरपर्यंतचा मोठा भुंगेरा. त्याची बोटभर लांब अळी खोडात शिरून लाकूड पोखरते. छिद्रातून भुसा पडतो, फांद्या वाळू लागतात, आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर जुनं, भरात असलेलं झाड उभ्या उभ्या मरतं. तारेचा आकडा घालून अळी ओढून काढायची, औषधात भिजवलेला बोळा कोंबायचा, छिद्र चिखलाने लिंपायचं, हे काम माणसाने झाडागणिक करायचं असतं. फळाच्या पेटीतून भिरूड परदेशी जात नाही, त्यामुळे आंब्याच्या निर्यातीच्या अटींत त्याला जागा नाही. मला यात मोठी विसंगती दिसते. ज्या किडीने झाड जातं, तिच्यावर खर्च करायला बागायतदार एकटा, आणि जिच्याने खाणाऱ्याचं काही बिघडत नाही, तिच्यासाठी दोन सरकारं कामाला लागली.

कोयीतल्या भुंग्यावर बागेत करण्यासारखा उपाय साधा आहे. गळलेली फळं आणि कोयी पावसापूर्वी गोळा करून नष्ट करायच्या, खोडाच्या भेगा साफ ठेवायच्या. पण बाग कितीही स्वच्छ असली तरी ४०० ग्रेची अट सुटत नाही, मग त्या मजुरीचे पैसे कोण मोजणार?