जुनी स्पोर्ट्स कार: बॅटरी बदलताना, विजेवर नेताना आरटीओत काय लागते

आधी आरसीवरचे उत्पादन वर्ष बघा. बेळगाव-निपाणी पट्ट्यात लोक गाडी विजेवर नेण्याचे किट अगोदर घेतात आणि नियम मागाहून विचारतात. पैसे तिथेच अडकतात.

नुसती बॅटरी बदलायला परवानगी लागत नाही, कारण आरसीवर बॅटरीची नोंदच नसते. जुन्या एमजीबीत (एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सीटमागच्या झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. त्यांच्या जागी १२ व्होल्टची एकच बसवली तरी अर्ज नको. जपायचे ते वेगळेच. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला. अर्थची केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची; इथे ती प्लसची. हाताच्या सवयीने मायनस बॉडीला लागला, तर नंतर बसवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ जळू शकतो. जुन्या बॅटऱ्या नव्या घेतो त्याच दुकानात परत द्या. आतले शिसे आणि आम्ल उघड्यावर जाता कामा नये.

इंजिन काढून मोटर बसवणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते, म्हणजे परवानगी हवी. पूर्ण इलेक्ट्रिक किटसाठी गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली हवी. त्यामुळे १९७२ ची एमजी बाद. सॅन स्टॉर्मसारखी भारतीय स्पोर्ट्स कार वर्षाच्या अटीत बसते. पण तेवढ्यावर भागत नाही. किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासलेले हवे (पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून), आणि मंजुरीत तुमचे मॉडेल असायला हवे. ॲडव्हान्स देण्यापूर्वी विक्रेत्याकडून मंजुरीपत्राची प्रत मागा आणि मॉडेलचे नाव स्वतः वाचा. परस्पर फेरबदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

अर्जासोबत मूळ आरसी, किटचे मंजुरीपत्र, अधिकृत फिटरचा दाखला, बिल, चालू विमा, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) जोडा. गंजलेला नंबर आधी हलक्या हाताने साफ करा; प्रिंट पुसट आली की फाइल तिथेच थांबते. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती. मंजुरीनंतर आरसीवर इंधन बदलते आणि हिरव्या पाटीवर पांढरे आकडे येतात. विमा कंपनीलाही लगेच कळवा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असेल तरच. इंजिन काढलेत की हा हक्क गेला. इतकी वर्षे टिकलेले इंजिन हौसेपायी उतरवू नका, ही आमची कळकळीची विनंती. व्हिंटेज नोंदणीसाठी फॉर्म २०, विमा, जुनी आरसी किंवा आयात गाडीचे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचा कागद) लागते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. मुदत १० वर्षे. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही.

१९९० आधीची, पण पन्नाशी न गाठलेली गाडी दोन्हींत बसत नाही. ती पेट्रोलवरच ठेवून फॉर्म २५ ने नूतनीकरण करा.

अर्ज राहत्या पत्त्याच्या आरटीओत: बेळगाव केए-२२, चिक्कोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. कोल्हापूरकडून घेतलेली एमएच-०९ गाडी असेल तर आधी तिथून फॉर्म २८ ची एनओसी आणून नोंदणी इकडे करून घ्या. आणि नाव तपासा: आरसीवर पूर्ण नाव, आधारवर नुसती आद्याक्षरे असा फरक आपल्याकडे घरोघरी सापडतो. तो अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.