जुन्या जरीच्या वस्त्रांची विक्री (मराठवाडा)

घरातल्या पेटीत जपलेली पैठणी, शालू, हिमरूची (सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाची) शाल वा शेरवानी, किंवा त्यांचे सुटे काठ-पदर मोल ठरवून विकण्याचा व्यवहार. दारासमोर जुने कपडे मांडून विकण्याची रीत मराठवाड्यात नाही. इथे गिऱ्हाईकच दारी येते. रोजच्या वापरातली जुनी पातळे बोहारीण भांड्यांच्या बदल्यात नेते, उरलेल्यांची गोधडी होते. जरीच्या वस्त्राचा हिशेब मात्र वेगळा.

त्याला दोन भाव असतात. एक चांदीचा, दुसरा विणीचा. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जुनी जर विकत घेणारे काठ-पदराची रुंदी पाहून चांदीचा अंदाज बांधतात, वस्त्र जाळतात आणि राखेतून धातू गाळून घेतात. पैठणचे कितीतरी उत्तम विणकाम अशाच भट्ट्यांत संपले आहे. हा तोटा भरून येणारा नाही, कारण चांदी पुन्हा मिळते, पण एखाद्या काळची असावली (फुलवेलीची नक्षी) किंवा नारळी (नारळाच्या नक्षीच्या) काठाची वीण वस्त्राबरोबरच जाते. म्हणून चांदीचा भाव ही किमतीची तळरेषा धरावी. तो वस्त्राचा भाव नव्हे.

किंमत सांगण्याआधी वस्त्र ओळखावे लागते. हातमागाच्या पैठणीची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते, कारण पदरावरची प्रत्येक नक्षी बाण्याचे, म्हणजे आडवे, वेगवेगळे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात. हिमरूत मात्र मागे सुटे धागे असणे हा दोष नाही. सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी बाण्याची ही वीण, आणि नक्षीचे जादा धागे पाठीमागून मोकळेच जातात. हा फरक ठाऊक नसल्याने अस्सल हिमरू नकली म्हणून स्वस्तात जाण्याची भीती असते. जरीची पारख करायची तर काठाच्या आतल्या बाजूचा एखादा धागा हलके खरवडावा: तांबूस तार दिसली तर ती तांब्याची जर, खरी असेल तर चांदीखाली रेशीम दिसते. प्लॅस्टिकची जर ज्योतीजवळ नेताच आकसते. खऱ्या जरीला काळपटपणा येतो, तो चांदीचा गुण आहे.

त्यानंतर अवस्था. रेशीम सर्वांत आधी घडीवर चिरते, म्हणून वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले लुगडे उलगडताना जपावे. अंग जीर्ण असूनही पदर शाबूत असेल तर मोल बरेचसे टिकते, कारण काठ-पदर नव्या कापडाला जोडण्यासाठी गिऱ्हाईक मिळते. तरीही पुरे नऊवार वस्त्र, म्हणजे सुमारे ८.२ मीटर, कापून तुकड्यांनी विकू नये. तुकड्यांची बेरीज कागदावर जास्त दिसली, तरी पुरे वस्त्र अभ्यासक आणि संग्राहक शोधत येतात. लग्नाचे साल, नेसणारीचे छायाचित्र, विणकराचे गाव अशी खात्रीची माहिती सोबत द्यावी. मनाने रचलेली कहाणी जोडू नये. विक्रीपूर्वी धुणे किंवा जर चमकवणे टाळावे, त्यात मुलामा निघतो.

घासाघीस दोन्ही बाजूंनी होते. विकणाऱ्याने त्या दिवशीचा चांदीचा भाव आणि नव्या हातमागाच्या पैठणीची किंमत आधी विचारून ठेवावी. पैठण-येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याने जुन्या वस्त्राची अस्सलता सिद्ध होत नाही. लग्नाचा शालू विकावा की नाही, हा घरातल्या बाईचाच निर्णय असायला हवा. पेटीवर आधी हक्क तिचा.

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. पणजीच्या काळातले लुगडे परदेशी गिऱ्हाइकाला देण्याआधी त्याचे वय तपासून घ्यावे लागते.