रबरबँडशिवायचा गुडघा: पुठ्ठा, नाडी आणि चपलेचा सोल

विज्ञान प्रदर्शनातला गुडघा बहुधा असा असतो: दोन पाइप, मध्ये बिजागरी, भोवती रबरबँड. त्यातून दोन गैरसमज डोक्यात पक्के बसतात. प्रत्यक्षात गुडघा एकाच आसाभोवती फिरत नाही, आणि लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, रबरासारखं ताणलं जात नाही. खरं लिगामेंट मूळ लांबीच्या काही टक्के ताणलं की त्याचे तंतू तुटायला लागतात. म्हणून लिगामेंटसाठी पायजम्याची विणलेली सुती नाडी घ्या. इलास्टिक वापरायचंच असेल तर ते स्नायूंसाठी.

उजवा गुडघा दुप्पट मापात करू. मांडीच्या हाडासाठी 5 मिमी जाड पुठ्ठ्याचे 28 तुकडे लागतील. मांडीच्या हाडाचं खालचं टोक बाजूने पाहिलं तर समोर आणि तळाशी जरा चपटं, मागे मात्र घट्ट वळलेलं असतं. तो आकार समोरून मागे 12 सेंमी ठेवून कापा, मागच्या वळणाची त्रिज्या 4 सेंमी घ्या. या टोकाला दोन गोल असतात: पायाच्या बाहेरच्या बाजूच्या गोलासाठी 10 थर, आतल्या बाजूच्यासाठी 10. मधल्या 8 थरांचा खालचा अर्धा भाग कापून टाका आणि वरचा 30 सेंमी लांब ठेवा. वर हाडाचा दांडा होतो, खाली दोन गोलांमध्ये 4 सेंमीची खाच राहते. फेविकॉल लावून रात्रभर वजनाखाली ठेवा, घाई केली तर थर सुटतात. गोलांवर रुंद चिकटपट्टी ओढून बसवा. पुठ्ठा पुठ्ठ्यावर अडकतो, आणि खऱ्या सांध्यात कूर्चेमुळे घर्षण जवळजवळ नसतंच.

नडगीच्या हाडाचं वरचं पठार 15 × 10 सेंमी, 6 थरांचं. त्याखाली मधोमध पीव्हीसी पाइप, आणि बाहेरच्या बाजूला थोडी खाली एक बारीक काठी.

आता खरं काम, भोकांच्या जागा. सांध्याच्या मध्यात दोन लिगामेंटं एकमेकांना छेदून जातात: पुढचं एसीएल, मागचं पीसीएल. एसीएल पठारावर समोरच्या कडेपासून 4 सेंमीवर, मधोमध बसतं. तिथून भोक तिरकं पाडून पठाराच्या समोरच्या कडेतून बाहेर काढा. वरचं टोक बाहेरच्या गोलाच्या खाचेकडच्या भिंतीवर, अगदी मागे. तिथून भोक आरपार बाहेर. नाडी पुठ्ठा कापत जाते, म्हणून भोकात स्ट्रॉचा तुकडा घाला आणि बाहेर शर्टाचं बटण अडकवा. शस्त्रक्रियेतही नवं लिगामेंट मांडीच्या हाडाच्या बाहेर धातूच्या छोट्या बटणावर टांगतात, तेव्हा ही जुळवाजुळव अगदीच घरगुती नाही. पीसीएल उलट दिशेने जातं: पठाराच्या मागच्या कडेवर 2 सेंमी खाली पक्कं करा आणि आतल्या गोलाच्या भिंतीवर पुढच्या बाजूला न्या. दिशा बरोबर आहे का हे तपासायला उजवा हात पँटच्या उजव्या खिशात घाला. बोटं जशी खाली, पुढे आणि आत जातात, तसंच उजव्या गुडघ्याचं एसीएल.

नाड्यांना गाठी मारू नका, मोकळ्या टोकांना बाइंडर क्लिप लावा. गुडघा 20-30 अंश वाकवून आधी पीसीएल ओढा, मग एसीएल. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनाही एकेक लिगामेंट असतं: आतल्या बाजूची रुंद पट्टी सांध्याच्या 12 सेंमी खाली पाइपवर, बाहेरची दोरी काठीच्या डोक्यावर.

आता वाकवा. गोलाची कड पठाराच्या लांबीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. गोल नुसता लोळला असता तर मागून खाली पडला असता. नाड्या त्याला लोळता लोळता घसरायला लावतात. गुडघ्यात या दोन्ही हालचाली होतात हे व्हिल्हेल्म आणि एडवर्ड वेबर या जर्मन शास्त्रज्ञ भावांनी 1836 सालीच लिहून ठेवलं होतं.

मेनिस्कस, म्हणजे ज्यांना आपण गाद्या म्हणतो, त्या रबरी चपलेच्या सोलमधून कापा. बाहेरची कड 1 सेंमी जाड, आतली निमुळती. आतली गादी इंग्रजी सी अक्षरासारखी, बाहेरची जवळपास पूर्ण गोल. दोन्हींची टोकं पठाराच्या मध्याजवळ शिवा. आतल्या गादीची कड आतल्या पट्टीलाही शिवा, बाहेरची मोकळी सोडा. गुडघा पिळला की बाहेरची सरकून निसटते, आतली बांधलेली असल्यामुळे चिरडते. दोन्ही गाद्यांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग लाल रंगवा. रक्तपुरवठा मुख्यतः तिथेच असतो, त्यामुळे तिथली चीर टाक्यांनी भरून येण्याची शक्यता जास्त.

पठारावर कागद, त्यावर कार्बन पेपर ठेवून दाबा, एकदा गाद्यांसह आणि एकदा त्या काढून. गाद्या काढल्यावर ठसा लहान आणि गडद येतो: तेवढंच वजन, पण कमी जागेवर. एकेकाळी फाटलेली गादी सर्रास पूर्ण काढून टाकत. अशा गुडघ्यांच्या एक्स-रेत दिसणारे बदल ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी 1948 साली नोंदवले. तरीही ती पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली.

दुखापतीसाठी फक्त क्लिप सोडायची. एसीएल सोडून, गुडघा 20-30 अंश वाकवून, पठार पुढे ओढा, सहज सरकतं. 90 अंशांवर ओढलं तर आतल्या गादीची मागची जाड कड पाचरीसारखी अडते, शिवाय खऱ्या माणसात मांडीच्या मागचे स्नायूही आवळलेले असतात. डॉक्टर कमी वाकवलेल्या गुडघ्यावरच्या चाचणीवर जास्त भरवसा का ठेवतात ते इथे हाताला कळतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडीत अडकतो आणि धड वळतं, तेव्हाची स्थितीही करून पाहा: पाइप घट्ट धरा, दांडा बाहेरच्या बाजूला झुकवून पिळा. एसीएलची आणि आतल्या पट्टीची, दोन्ही क्लिप एकदम ओढल्या जातात.

शेवटी एसीएलचं वरचं भोक मुद्दाम 1 सेंमी पुढे पाडा. सरळ गुडघ्यात नाडी नीट बसलेली दिसते, पण वाकवताना ताठ होत जाते. मग एकतर गुडघा पुरता वाकत नाही किंवा क्लिप घसरते, आणि पुन्हा सरळ केल्यावर नाडी ढिली लोंबते. दुप्पट मापातला हा सेंटिमीटर म्हणजे खऱ्या गुडघ्यातले 5 मिलिमीटर. एसीएलच्या फसलेल्या शस्त्रक्रियांमध्ये चुकीच्या जागी पडलेलं भोक हे वारंवार सापडणारं कारण आहे.