लेमिंगचं साल आणि टुंड्रातल्या पाखरांची वीण

काळ्या पोटाचे ब्रेंट कलहंस हिवाळा पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर काढतात. त्यांच्या थव्यांतलं पिल्लांचं प्रमाण दरवर्षी इतकं बदलतं, की नव्याने मोजणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटावं. एका हिवाळ्यात थव्यातली जवळपास निम्मी पाखरं त्याच वर्षीची, तर पुढच्या हिवाळ्यात शंभरात जेमतेम एखादं. हे पक्षी अंडी घालतात सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातल्या टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळरानात. जूनमध्ये बर्फ उशिरा वितळला म्हणून वीण गेली, असं कारण बराच काळ दिलं जाई. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आकडे ओळीने मांडले की साधारण दर तीन वर्षांनी एक भरघोस साल दिसतं. हवा काही अशी पाळी लावून बिघडत नाही.

पाळी होती ती लेमिंगची. लेमिंग म्हणजे आखूड शेपटीचा, गुबगुबीत, मुठीत मावेल एवढा उंदरासारखा प्राणी. नॉर्वेत काही वर्षी त्यांचा एवढा सुळसुळाट होई की ते ढगांतून पडतात असं लोक समजत. 1555 मध्ये स्वीडनच्या ओलाउस मॅग्नुसने तसं लिहूनही ठेवलं. याकडे आकडेवारी म्हणून पाहिलं ते ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टनने. आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन बेटावरच्या ऑक्सफर्डच्या मोहिमेवरून परतताना, 1923 मध्ये, उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या पुस्तकांच्या दुकानात त्याला रॉबर्ट कोलेट यांचं नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक मिळालं. त्यात लेमिंगची सालं नोंदलेली होती. पुढे त्याने कॅनडात केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या खरेदीचे आकडेही तपासले. तीन-चार वर्षांनी येणारा चढ-उतार त्याने 1924 च्या निबंधात मांडला. गंमत म्हणजे ज्या स्पिट्सबर्गनहून तो परतत होता, तिथे लेमिंग नाहीतच.

पाखरांशी हा धागा जोडायला आणखी अर्धशतक गेलं. नेदरलँड्सच्या रोसेलार यांनी 1979 मध्ये कर्ल्यू सँडपायपर या चिखलात टिपणाऱ्या छोट्या किनारपक्ष्याच्या कमी-जास्त संख्येचा संबंध लेमिंगशी लावला. पक्षी-अभ्यासक रॉन समर्स यांनी 1986 मध्ये ब्रेंट कलहंसांबद्दल तेच दाखवलं. दक्षिण आफ्रिकेच्या लांगेबान खाडीत उत्तरेच्या हिवाळ्यात तिथे येणाऱ्या किनारपक्ष्यांची मोजणी होत होतीच. पुढच्याच वर्षी समर्स आणि अंडरहिल यांनी तिथले आणि युरोपातले आकडे शेजारी ठेवले. दोन खंडांवरची, एकमेकांशी संबंध नसलेली पाखरं एकाच वर्षी फळत आणि एकाच वर्षी फसत होती. सामाईक होतं ते फक्त तैमिर.

यामागचं गणित शिकाऱ्यांचं आहे. लेमिंग बक्कळ असतात त्या वर्षी ध्रुवीय खोकड, हिमघुबड आणि स्कुआ हे शिकारी समुद्रपक्षी सगळे त्यांच्यावरच पोसतात. घुबड एका वीणीत दहाच्या आसपास अंडी घालतं, खोकडाच्या बिळात पिल्लांची रेलचेल असते, आणि टुंड्रावर किनारपक्ष्यांनी उघड्यावर घातलेल्या चार अंड्यांकडे कोणी फारसं वळत नाही. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळतात, खोकड मात्र वाढलेलेच असतात. मग ते घरटी हुंगत फिरतात. म्हणून सर्वांत वाईट साल लेमिंग नुसते कमी असण्याचं नसतं, ते सुकाळाच्या पाठोपाठचं असतं. हा फरक लक्षात न घेता फक्त चालू वर्षाचे लेमिंग मोजणाऱ्याचा हिशेब हमखास चुकतो.

लेमिंग मोजायचे कसे? ते हिवाळाभर बर्फाखाली गवताची गोल घरटी विणतात आणि तिथेच पिल्लंही घालतात. बर्फ गेला की ही घरटी जमिनीवर सुटी पडलेली दिसतात. ठरलेल्या क्षेत्रात ती मोजून मोडून टाकायची, नाहीतर पुढच्या वर्षी तीच पुन्हा मोजली जातात. घरट्याला आतून लेमिंगच्याच केसांचं अस्तर असेल, तर घरमालकाला खाऊन तिथे स्टोट हा मुंगसासारखा लांबट शिकारी राहून गेला, असं समजावं.

हवेचा फटका दोनदा बसतो. पहिला जूनमध्ये. बर्फ रेंगाळला तर मोकळी जमीन तुकड्या-तुकड्यांनी मिळते, घरटी त्याच तुकड्यांत दाटतात आणि खोकडाला शोधायला सोपी जातात. कलहंसांची अंगावरची चरबी वाट पाहण्यातच संपते. दुसरा फटका जुलैत. कर्ल्यू सँडपायपरचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा दहा ग्रॅमही भरत नाही. चारा ते पहिल्या दिवसापासून स्वतःच टिपतं, पण अंगात ऊब धरता येत नाही. थंड पाऊस लागला की दर थोड्या वेळाने आईच्या पोटाखाली शिरावं लागतं. तेवढा खाण्याचा वेळ जातो, आणि त्याच गारठ्यात किडेही बाहेर पडत नाहीत. खोकडाने सोडलेली पिल्लं अशी उपाशी मरतात.

1998 च्या हंगामापासून मिखाईल सोलोव्हयोव्ह आणि पावेल तोम्कोविच या रशियन पक्षी-अभ्यासकांनी आर्क्टिकभरच्या निरीक्षकांकडून हवा आणि लेमिंग या दोन्ही गोष्टींच्या नोंदी एकत्र मागवायला सुरुवात केली: बर्फ कधी गेला, पाऊस-गारठा कसा होता, लेमिंग किती होते, शिकारी कोणते. हे फार मोलाचं काम झालं, कारण नंतर चक्रच डळमळलं. ईशान्य ग्रीनलँडच्या ट्रेल बेटावर 2000 च्या सुमाराला लेमिंगची उसळी थांबली आणि उडायला तयार होणाऱ्या हिमघुबडांच्या पिल्लांची संख्या 98 टक्क्यांनी घसरली. हिवाळ्यात मधेच बर्फ वितळून पुन्हा गोठला की जमिनीलगत बर्फाची टणक पापडी बसते आणि लेमिंगचं खाणं तिच्याखाली अडकतं. उलट 2018 मध्ये ईशान्य ग्रीनलँडमधल्याच झाकेनबर्गला एवढा बर्फ साचून उशिरापर्यंत राहिला की बहुतेक सगळ्यांचीच वीण गेली. तिथे लेमिंगचा आकडा विचारण्यात अर्थच नव्हता. त्याच वर्षी, जगभरच्या किनारपक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी तपासून, आर्क्टिकमध्ये अंडी लुटली जाण्याचं प्रमाण वाढलंय असा दावा प्रसिद्ध झाला. 2019 मध्ये त्याच्या पद्धतीवर आक्षेप आले. आमच्या मते आक्षेप रास्त आहेत, कारण जुन्या आणि नव्या नोंदी एकाच रीतीने घेतलेल्या नाहीत.

कर्ल्यू सँडपायपर आणि छोटा टिलवा हे आर्क्टिकमध्ये वीण करणारे दोघंही किनारपक्षी ठाण्याच्या खाडीत हिवाळ्याला येतात, तेव्हा पिल्लांचं प्रमाण इथेही काढता येतं. फक्त ऑगस्टमधली मोजणी धरू नये: प्रौढ आधी निघतात, पिल्लं मागून येतात, म्हणून चांगल्या सालीही तेव्हा थवा म्हातारा दिसतो. दुर्बिणीतून ओळख सप्टेंबर-ऑक्टोबरात सोपी. कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लाची पाठ फिकट कडांमुळे खवल्यांसारखी दिसते, छातीवर पिवळसर झाक असते. पुढे हिवाळी राखाडी पिसं आली की पंखावरच्या आतल्या लहान पिसांच्या पिवळट कडा तेवढ्या उरतात, आणि त्या पक्षी हातात घेतल्याशिवाय नीट दिसत नाहीत. एकाच थव्यावर विसंबू नये. भरतीच्या वेळी पाखरं टेकतात त्या निरनिराळ्या जागांची मोजणी वेगवेगळी लिहावी.